सोलांजचं शिंग आणि गेल्या वर्षीच्या काठ्या

समोरचं झुडूप हललं आणि तुमच्या हातात भरलेली बंदूक आहे, तर तुम्ही काय कराल? लवकर सांगा. रानडुक्कर तुमच्या विचाराची वाट बघत नाही.

"मारीन" म्हणालात ना? मग सोलांज देल्पुएशनं तुम्हाला तिथूनच घरी पाठवलं असतं, तेही चारचौघांत. "झुडूप मारायला आलायस? मग कुऱ्हाड आणायचीस, बंदूक कशाला?" मोंतारियेल या डोंगरातल्या गावात शिकारीला नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती हा प्रश्न विचारायची. बहुतेक जण तुमच्यासारखंच उत्तर द्यायचे. काहींना प्रश्न ऐकूच जायचा नाही, कारण ते फोनवर बोलत असायचे.

सोलांज काही नाव काढलेली बाई नव्हती. उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवण्यात गेली. डोंगरातली वळणं, पाठीमागे पोरांची मारामारी, आणि हिची नजर रस्त्यावर. पुढचं बघायचं, मागचं ऐकायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. खोऱ्यात शिकारीचा परवाना काढणारी ती पहिली बाई. तेव्हा बाप्यांनी फार चेष्टा केली. "बंदुकीला बसचा भोंगा बसवून घे, डुकरं आपोआप रांगेत उभी राहतील." हिनं ऐकून घेतलं. पुढे हाकाऱ्याचा, म्हणजे कुत्री सोडून डुकरं उठवायच्या शिकारीचा, म्होरक्या वारला, आणि त्याचं पितळी शिंग कुणालाच गळ्यात नको झालं. शिंग ज्याच्या गळ्यात, जबाबदारी त्याच्या गळ्यात. काही बरंवाईट घडलं तर पोलीस आधी त्याच्या दारात उभे. मग सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की सोलांज फार शिस्तीची आहे. "तिलाच द्या, तिला ओरडायची सवय आहे," असं ठरलं आणि शिंग हिच्या गळ्यात आलं.

ओरडायची सवय होतीच. कारणंही रोज मिळत.

रविवारी सकाळी शिकाऱ्यांच्या खोपटासमोर नारिंगी जाकिटं गोळा व्हायची. सॉसेज, पाव, आणि सूर्य नीट वर यायच्या आत लाल दारूची बाटली. एक जण दुसऱ्याच मापाची काडतुसं घेऊन आलेला. एकाच्या बंदुकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला. एकाची बंदुकीवरची दुर्बीण उन्हाळ्यात ट्रॅक्टरवरून पडलेली, त्यानंतर निशाणा एकदाही तपासलेला नाही. "अगं, अंदाजानं डावीकडे धरतो मी," असं वर हसून सांगणार. सोलांज एकेकासमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आकाश दाखव."

म्हणजे बंदूक उघडायची, नळी वर धरायची, आणि तिनं मागून डोळा लावायचा. पलीकडे आकाश दिसलं तर बंदूक रिकामी आणि साफ. एकाच्या नळीत एकदा आकाशाऐवजी कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. तो म्हणाला, "गेल्या महिन्यात तर नव्हतं." सोलांजनं त्याला दिवसभर खोपटात कांदे चिरायला बसवलं. त्यानं संध्याकाळपर्यंत तोंड फुगवलं. बंदूक हातात फुटली असती तर कांदा चिरायला बोटं राहिली असती का, हे त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

गावच्या दफनभूमीत एका माणसाचा दगड आहे. त्याला त्याच्या सख्ख्या मेहुण्यानं डुक्कर समजून मारलं. दगडावर कोरलंय, 'अपघात'. सोलांज तिथून जाताना दर वेळी म्हणायची, "वीज पडली तर अपघात. याला आळस म्हणतात. पण आळस कोरायला कुणाचा हात उठतो?"

तिचं सगळ्यात मोठं भांडण काठ्यांवरून होतं.

हाकाऱ्यात शिकारी एका रेषेत उभे राहतात, ठरावीक अंतरानं. शेजाऱ्याच्या दिशेनं गोळी जाऊ नये म्हणून प्रत्येकानं आपली हद्द आखायची असते. शेजाऱ्याकडे पाच पावलं, तिथून काटकोनात तीन, आणि तिथे लाल टोकाची काठी रोवायची. उजवीकडे एक, डावीकडे एक. दोन काठ्यांच्या मधलं रान तुमचं, बाहेरचं परक्याचं. डुक्कर काठीपलीकडे गेलं की ते देवाचं झालं, नळी खाली. शेंबड्या पोरालाही कळेल असा नियम.

आता याच नियमाचा दुसरा अर्धा भाग ऐका, तो कुणीच पाळत नव्हतं. शिकार संपली की काठ्या उपटून घरी न्यायच्या. लोक त्या तशाच सोडायचे. "पुढच्या रविवारी परत रोवायच्याच आहेत की." मग पुढच्या रविवारी त्या काठ्या जिथे असतील तिथे आपण उभं राहायचं. पावलं मोजायला नकोत, डोकं चालवायला नको. काही काठ्या तर तीन-तीन वर्षं उभ्या होत्या, त्यांवर शेवाळ चढलेलं.

"काठी माणसाच्या मागं यायला पाहिजे, माणूस काठीच्या मागं नाही," सोलांज ओरडायची.

"हो बाई," सगळे म्हणायचे, आणि काठ्या तिथेच.

मग एका वसंतात एक गोष्ट बदलली. दरड कोसळून बंद पडलेली खालची गाडीवाट ग्रामपंचायतीनं मोकळी केली. वरच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांना त्यामुळे दारात पाव मिळू लागला. पावाची गाडी घेऊन यायची ओरियान. ही उत्तरेकडच्या शहरातून आलेली तरुण बाई, बंद पडलेली बेकरी हिनं पुन्हा चालू केली. गावानं तिला तळहातावर ठेवलं होतं, कारण ती गेली की पाव आणायला खोरं उतरून जावं लागणार. रविवारी सकाळी तिची पांढरी गाडी त्याच नव्या वाटेनं वर चढायची.

आणि ती वाट जायची ब्लेझ रूमेगूच्या रानाखालून.

ब्लेझ म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनदार आणि सगळ्यात चांगला नेमबाज. दुसरी गोष्ट तो स्वतःच सांगायचा. डुकरं खरी त्याच्याच रानात. त्यानं फाटक लावलं तर शिकारी मंडळाला ससे मारत बसावं लागलं असतं. त्यामुळे तो उशिरा आला तरी चालायचं, सूचना सुरू असताना कुत्र्याशी बोलत बसला तरी चालायचं.

सोलांजनं हंगामाच्या आधीच त्याच्या रानातल्या जागा हलवल्या. जुन्या जागेवरून झाडलेली गोळी सरळ नव्या वाटेवर जात होती. म्हणून तिनं शिकाऱ्यांना कड्याच्या अलीकडे आणलं. तिथून गोळी चुकली तरी समोरच्या उतारात, मातीत जाऊन बसेल. गोळीच्या मागे माती पाहिजे, हवा नाही. ब्लेझला तिनं चौकात गाठून सांगितलं, "तुझ्या जुन्या काठ्या काढ."

"काढतो."

"मी येऊन काढू?"

"माझं रान आहे, सोलांज. माझ्या रानातली काठी मी काढतो."

नोव्हेंबरातला तो रविवार. धुकं नुकतं विरलेलं. सकाळच्या सूचनांना ब्लेझ आलाच नाही. सोलांजनं त्याची जागा रिकामी धरली, बाकीच्यांना जागा वाटून दिल्या, लांब शिंग फुंकलं, आणि लेओंसनं कुत्री सोडली. लेओंस हा हाकाऱ्यातली कुत्री सांभाळणारा म्हातारा. आयुष्यभर कुत्र्यांमागं झाडीत घुसलेला, त्यामुळे कुठल्या बंदुकीचा आवाज कुठून यावा हे त्याला पाठ होतं. तासाभरानं वरच्या अंगाला एक बार झाला. लेओंस जागच्या जागी थांबला आणि वायरलेसवर म्हणाला, "सोलांज, तिकडे आपलं कुणी नाही."

तिनं ताबडतोब तीन तुटक शिंगं फुंकली. शिकार बंद, बंदुका उघडा. बाकीचे कुरकुरले. कुत्री तर आत्ताच भुंकायला लागली होती.

सोलांज धावत खाली वाटेवर आली. पांढरी गाडी वळणावर उभी होती आणि ओरियान चाकाशी वाकून काहीतरी शोधत होती.

"दगड उडाला वाटतं, सोलांजबाई. केवढा आवाज आला. टायर तर ठीक दिसतोय."

सोलांजनं टायर पाहिलाच नाही. मागच्या दारावर, पावाच्या रंगवलेल्या चित्राच्या मधोमध एक भोक होतं. तिनं त्यात करंगळी घातली. दार उघडलं. पावांची वरची फळी फुटलेली, आणि गोळीचा वेडावाकडा तुकडा चालकाच्या बैठकीमागच्या जाड लाकडात रुतून बसलेला. कुठल्या तरी खडकावर आपटून, अर्धा जोर घालवून ती आली होती. तेवढं लाकूड मध्ये होतं. लाकडापलीकडे मान टेकायची जागा.

ओरियाननं ते पाहिलं. गाडीच्या पायरीवर बसली आणि मांडीवरचं पीठ झटकत राहिली. झटकून झालं तरी झटकत राहिली.

"कुणी?" तिनं शेवटी विचारलं.

"येते विचारून," सोलांज म्हणाली.

दुपारी खोपटात जेवण लागलं. दारूत शिजवलेलं डुकराचं मटण, उकडलेले बटाटे, मोठं टेबल. ब्लेझ मध्यभागी बसलेला. बातमी तोवर सगळ्यांना कळली होती, आणि तिचा विनोदही झाला होता.

"ब्लेझनं पाव मारला."

"परवान्यात आहे का रे पाव?"

"किती किलोचा होता? नर की मादी?"

टेबल हसत होतं. सोलांज दारात उभी होती. गोळीचा तो तुकडा तिच्या मुठीत होता, चावीनं उकरून काढलेला. तो तिनं ब्लेझच्या ताटात टाकला. रश्शात.

"खा," ती म्हणाली.

हसणं थांबलं. ब्लेझनं रुमालानं बाहीवरचे शिंतोडे पुसले. "हे बघ, पोरीला लागलं नाही. दार मी भरून देईन. आणि नियमाचं म्हणशील तर मी नियमात होतो. माझ्या दोन काठ्यांच्या मध्ये गोळी झाडली. जाऊन बघ, उभ्या आहेत."

"कधीच्या?"

"काठ्या त्या काठ्या."

"कधी रोवल्यास, ब्लेझ?"

"गेल्या हंगामात."

"वाट कधी उघडली?"

लेओंसनं टोपी काढून टेबलावर ठेवली. ब्लेझला मात्र खरंच काही कळत नव्हतं, आणि सोलांजला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. त्याला खरोखर वाटत होतं की आपण नियम पाळला. बापापासून चालत आलेल्या जागेवर उभा राहिला, स्वतःच्या काठ्या बघितल्या, मधून नेम धरला. एवढंच नाही बघितलं की समोर काय आहे.

"मला तर कुणी सांगितलं नाही जागा हलवल्याचं," तो म्हणाला.

"मी तुला चौकात सांगितलं. आज परत सांगणार होते, सकाळी. तू होतास का?"

"माझ्या रानात जायला तुझी परवानगी घेऊ?"

"माझी नको. त्या पोरीची घे. ती तुझ्या रानाखालून पाव घेऊन चालली होती."

सोलांजनं मग मंडळाच्या अध्यक्षाकडे पाहिलं. अध्यक्ष गिलेम. सज्जन माणूस, म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारा. "गिलेम, हा या हंगामात बंदूक उचलणार नाही. आत्ता ठरवा."

गिलेमनं पावाचा तुकडा कुस्करला. "अगं सोलांज, एकदम एवढं… तो रान बंद करेल ना."

"करेल."

"मग आपण कुठे जायचं?"

"आज ओरियानच्या दफनाला गेलो असतो सगळे. तिथे जागा मिळाली असती."

गिलेमनं हात वर करायला सांगितले. सोलांजच्या बाजूनं लेओंसचा हात वर गेला, आणि कांदे चिरणाऱ्या त्या कुंभारमाशीवाल्याचा. बाकीचे आपापल्या ताटात बघत होते. जणू मटणात काहीतरी लिहिलंय. याच लोकांनी पोरं तिच्या बसमध्ये निर्धास्त बसवली होती. बर्फात, घाटात. तेव्हा तिच्या शब्दाला किंमत होती, कारण तेव्हा तिच्या शब्दामुळे कुणाचं डुक्कर हुकत नव्हतं.

तिनं गळ्यातलं शिंग काढलं आणि रश्शाच्या पातेल्याशेजारी ठेवलं.

"हे घ्या. ज्याला ब्लेझबरोबर उभं राहायचंय त्यानं फुंका."

पुढच्या रविवारी सोलांज घरीच होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खोपटाचं अंगण दिसतं. ती चेस्टनट सोलत बसली. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण खुर्ची मात्र खिडकीकडेच होती.

अंगणात नारिंगी जाकिटं जमली. गिलेमनं शिंग उचललं, एकाला दिलं. त्यानं हात मागे घेतले. दुसऱ्याला दिलं, त्यानं ते उलटून पाहिलं, जणू विकत घ्यायचंय, आणि तिसऱ्याच्या हाती दिलं. तिसऱ्यानं गुडघा दुखत असल्याचं दाखवलं. शिंग गुडघ्यानं फुंकतात हे सोलांजला नव्यानंच कळत होतं. भाजलेल्या चेस्टनटसारखं ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं. शिंगाशिवाय हाकारा नाही, आणि म्होरक्याशिवाय शिंग नाही. ब्लेझ आपल्या जीपला टेकून उभा होता. शेवटी तो पुढे आला आणि त्यानं हात पुढे केला.

कुणी दिलं नाही.

सोलांजच्या हातातली सुरी थांबली. गेल्या रविवारी ज्यांचे हात वर गेले नाहीत, त्यांनीच आज शिंग छातीशी धरलं होतं. ब्लेझच्या शिंगावर रानात उभं राहायला यांच्यातला एकही तयार नव्हता. दुसऱ्याची पोर गोळीसमोर असली की रान महत्त्वाचं. स्वतःची पाठ असली की मग नियम आठवतात.

थोड्या वेळानं दारावर लेओंस आला. "चल, बाई. बोलावतायत."

"का? काय ठरलं?"

"काहीच ठरलं नाही. म्हणून तर बोलावतायत."

ती गेली. बूट घालून, पण बंदूक न घेता. अंगणात गिलेम पुढे आला. "सोलांज, बरोबर होतं तुझं. ब्लेझ या हंगामात नाही. आम्ही बोललोय."

"हात वर करा," ती म्हणाली.

आता सगळे हात वर गेले. एका आठवड्यानं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ब्लेझ जीपमध्ये बसला आणि काच खाली करून म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून फाटकाला कुलूप."

"उद्यापासून ना? मग आजचा दिवस आहे," सोलांज म्हणाली, आणि बाकीच्यांकडे वळली. "बंदुका खोपटात ठेवा. आज शिकार नाही, काठ्या उपटायच्या."

तोंडं बघण्यासारखी झाली. दिवस लख्ख उघडलेला, कुत्री साखळीला हिसके देतायत, आणि यांना काठ्या उपटायला लावलंय. पण गेले. आधी ब्लेझच्याच रानात. जुन्या जागेवर त्याच्या दोन काठ्या उभ्या होत्या, लाल रंग उडालेला. सोलांजनं त्यांच्यामध्ये गिलेमला उभं केलं आणि म्हणाली, "बघ. काय दिसतं?"

गिलेमला खाली वाट दिसली, आणि वाटेवर पांढरी गाडी. ओरियान आज आली होती. भोकावर पुट्टी लावलेली, चित्रातल्या पावाला मधोमध ठिगळ. ती वळणावर थांबली आणि रानाकडे बघत राहिली. सोलांजनं दोन्ही हात वर केले. रिकामे. मग गाडी पुढे सरकली.

दुपारपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली काठ्यांनी भरली. काही कुजलेल्या, काही पालवी फुटलेल्या. एकीभोवती तर झाडाचं मूळ वाढलं होतं. शिकाऱ्यांना स्वतःलाच नवल वाटलं, एवढ्या होत्या? सोलांजला नवल वाटलं नाही.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण ब्लेझनं फाटकाला कुलूप लावलं ते लावलंच. त्याच्या रानात डुकरं माजली आणि पुढच्या उन्हाळ्यात खालच्या शेतांतला मका नांगरून गेली. लोकांनी दोष कुणाला दिला? सोलांजला. "तिच्या काठ्यांपायी," असं बाजारात तिच्या देखत बोललं जातं. ती उत्तर देते, आणि ते उत्तर इथे छापण्यासारखं नसतं. ब्लेझ पुढच्या हंगामात परत आला. आता तो सकाळी वेळेवर येतो आणि नळीतून आकाश दाखवतो, पण तिच्याकडे न बघता. शिंग अजून तिच्याच गळ्यात आहे, कारण अजूनही ते दुसऱ्या कुणाला नको आहे. आणि शिकार संपल्यावर ती दर वेळी सगळ्यांच्या मागून एकटी रेषेवरून फिरते. दर वेळी दोन-तीन काठ्या तिला सापडतातच.

तुमच्या हातात बंदूक नसेल, नको असू दे. पण कधी रानात फिरायला गेलात, आणि लाल टोकाच्या काठ्या उभ्या दिसल्या, जवळपास कुणी माणूस नाही, कुत्र्याचा आवाज नाही, तर पुढे निघून जाऊ नका. आधी त्या उपटा.